आत्याचा उजवा पाय

आमच्या आत्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड आहे. मी उगाच सांगत नाही, चपलांचा दुकानदारही आधी उजवा पाय पुढे करायला सांगतो. आत्या ड्रायव्हिंग शिकवते. तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक असतो आणि शेजारच्या सीटपाशी, तिच्या पायाशी, दुसरा. गावातली अर्धी माणसं भिंतीत, खांबांत आणि एकमेकांत घुसायची राहिली आहेत ती या दुसऱ्या ब्रेकमुळे. सवय इतकी अंगात मुरलीये, की टीव्हीत एखादी गाडी भरधाव वळली तरी सोफ्यावर बसलेल्या आत्याचा पाय फरशी दाबतो. बाबांच्या गाडीत बसली तर पायाखालचं रबर गोळा होतं.

"ताई, ही माझी गाडी आहे. तुझ्या बाजूला ब्रेक नाही," बाबा म्हणतात.

"माहितीये रे धाकट्या. म्हणून तर जीव मुठीत धरून बसलेय."

तिची नक्कल करणं सोपं आहे. आवाज नाकात न्यायचा, वाक्याचा शेवट जरा उचलायचा आणि समोरचा कोणीही असो, त्याला 'चालक' म्हणायचं. "चला चालक, आरसा, सिग्नल, मान. मान म्हणजे मान वळवून बघायचं, मान खाली घालायची नाही." गाडी मागे घ्यायची असली की ती खाली उतरते, दोन्ही हात स्वतःकडे हलवत उभी राहते आणि तिचा सूर एकदम मऊ होतो, "येऊ दे… येऊ दे… येऊ दे…" आणि मग दार आपटावं तसं, "बास." त्या 'बास'ला जो थांबत नाही तो कशालाच थांबत नाही. मी घरात पाठीमागून 'बास' म्हटलं तर आईसुद्धा पोळी लाटता लाटता थांबते आणि मग मला लाटणं दाखवते.

आत्या पूर्वी त्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फोन उचलायची. एके दिवशी शिकवणारे मास्तर आलेच नाहीत आणि दारात शिकायला आलेल्या बायका खोळंबल्या. आत्याला स्वतःला लायसन्स मिळून जेमतेम काही आठवडे झाले होते. तिने किल्ली उचलली आणि म्हणाली, "चला, कोण पहिलं?" मालक संध्याकाळी परत आले तेव्हा गाडी धड होती, बायका धड होत्या आणि एकीने तर चढावर गाडी थांबवून परत सुरू केली होती, जे मास्तरांनाही दर वेळी जमायचं नाही. पुढे मालक थकले आणि स्कूल तिनेच चालवायला घेतलं.

तिची एक पद्धत आहे, ती गावात सगळ्यांना ठाऊक आहे. शिकणारा तयार झाला असं तिला वाटलं की ती तसं तोंडाने सांगत नाही. शाबासकी वगैरे तिला जमतच नाही. एक दिवस चालत्या गाडीत ती चपला काढते, दोन्ही पाय वर घेते आणि सीटवर चक्क मांडी घालते. म्हणजे ब्रेक आता तुमचा, माझा पाय तिथे नाही. हे कळल्यावर पुष्कळांना घाम फुटतो. आमचे दातांचे डॉक्टर म्हणतात, त्यांना परीक्षेत पास झाल्याचं काही वाटलं नाही, पण "बाईंनी मांडी घातली" हे त्यांनी घरी फोन करून कळवलं होतं.

आता डंपर. डंपर म्हणजे आत्याचा कुत्रा. पिल्लू असताना तो इतका होता, की आत्याच्या पर्समध्ये मावला. वर्षभरात पर्स त्याच्या तोंडात मावायला लागली. उभा राहिला की जेवणाच्या टेबलावर हनुवटी आपोआप टेकते, त्याला मुद्दाम काही करावं लागत नाही. वजनाने तो आत्याहून जड. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये ती दोघं राहायची आणि जिन्यात तो खाली उतरायला लागला की वर येणारे शेजारी निमूटपणे मागे मागे जात तळमजल्यावर पोचायचे.

तो शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर बसायचा. सगळ्या सीटवर.

"आरशात बघा. काय दिसतं?"

"कुत्रा."

"कुत्र्याच्या पलीकडे."

"कुत्र्याच्या पलीकडे पण कुत्राच दिसतो, बाई."

इतकी वर्षं मागे बसून डंपर सगळं शिकला होता. वळणाआधी वळायच्या बाजूला झुकायचा. आत्या 'येऊ दे' म्हणाली की उठून तिच्याकडे यायचा, 'बास' म्हणाली की असेल तिथे बूड टेकायचा. चौकात मुलं त्याला मुद्दाम 'बास' म्हणायची, पण तो फक्त आत्याच्या नाकातल्या 'बास'ला बसायचा. आणि माझ्या. मी एकदा मैदानाच्या या टोकाहून आत्याच्या आवाजात म्हटलं आणि तो पलीकडे चिखलात बसला. आंघोळ मला घालावी लागली, त्यामुळे ती कला मी नंतर आवरती घेतली.

त्याच मैदानात ते झालं. डंपर चेंडूमागे धावत होता, एकदाच ओरडला आणि खाली बसला. आम्हाला वाटलं काटा बिटा लागला. तो उठायला गेला तर पुढचे पाय उठले आणि मागचे दोन्ही तसेच जमिनीवर राहिले, जणू दुसऱ्याच कोणाचे. त्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग आत्याकडे. ती बघण्याची नक्कल मला करता येते, पण मी ती कोणाला करून दाखवत नाही.

जनावरांचे डॉक्टर उंच, वाकलेले आणि अतिशय हळू बोलणारे. ते कुत्र्यांना 'साहेब' म्हणतात आणि अहोजाहो करतात, माणसांशी मात्र अर्धंच वाक्य बोलतात आणि उरलेलं भुवयांनी पूर्ण करतात. त्यांनी डंपरच्या बोटांना चिमटे काढले, गुडघ्यावर छोट्या हातोडीने टकटक केलं, शेपटी उचलली. मग डंपरला भूल देऊन मोठ्या गोल मशीनमध्ये त्याच्या पाठीचे फोटो काढले. मशीनमध्ये तो कसाबसा मावला.

"मणक्यांच्या मधे गादी असते," डॉक्टर म्हणाले. "तिचा एक बारीक कण सुटला. पाठीच्या कण्यातल्या नसांना रक्त नेणारी जी नळी, तिच्यात जाऊन…" भुवया वर.

"अडकला," आत्या म्हणाली. "म्हणजे इंजिन चालू आहे, चाकंही धड आहेत, मधली वायर गेली."

"वायर गेली असं नाही. झोपलीये."

"जागी होईल?"

"ऑपरेशन नाही याला. गोळीही नाही. आता त्याला दुखतही नाहीये. व्यायाम. पाण्यातलं चालणं. बोटांत संवेदना आहे, म्हणजे आशा…" भुवया बऱ्यापैकी वर. "महिनाअखेरीला बघू. आमच्या या बोळातून साहेब आपल्या पायांनी, कोणी न धरता, चालत गेले तर गेले. नाहीतर मागे चाकांची गाडी लावून द्यावी लागेल. त्या गाडीवर कुत्री मजेत राहतात, तसं काही नाही. फक्त जिना…" भुवया पडल्या.

जिना. तिसरा मजला. चाकांची गाडी तिथे चढत नाही आणि आत्याहून जड कुत्रा रोज उचलून कोण नेणार? थोरल्या काकांचा फोन आलाच. थोरले काका फोनवर असे बोलतात की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "अगं पाठव त्याला इकडे. अंगण आहे, एक पायरी नाही. मी बघतो त्याचं." काका मायेनेच म्हणत होते. पण ते राहतात एक दिवसभराच्या प्रवासावर. आत्या म्हणाली, "बघू महिनाअखेरीला," आणि फोन ठेवून स्वयंपाकघरातले सगळे डबे पुसून काढले, स्वच्छ होते तरी.

तोवर ती डंपरला घेऊन ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात राहायला गेली. तळमजल्यावरची एक खोली. भिंतींवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, मधे टेबल, टेबलावर रस्ते रंगवलेला फळा आणि त्यावर चौक समजावून सांगायच्या छोट्या लाकडी गाड्या. जागेचा मालक "उपचार चालू आहेत तोवर राहा" म्हणाला होता. टेबल भिंतीला लावून तिने पूर्ण फरशीवर गाडीत घालायची रबरं अंथरली, कुत्र्याचे पाय घसरू नयेत म्हणून. दार उघडायचं तर आधी डंपरचं डोकं बाजूला करावं लागायचं. नवीन चौकशीला आलेला माणूस दार ढकलायचा आणि आतून आत्याचा आवाज यायचा, "हळू, मागे गाडी उभी आहे."

व्यायामाचं सगळं डॉक्टरांनी नीट दाखवलं होतं. दोन्ही मागचे पाय सायकल मारल्यासारखे फिरवायचे. जुन्या टूथब्रशने बोटांच्या मधे गुदगुल्या करायच्या, म्हणजे झोपलेल्या वायरला कळेल की खाली अजून कोणी राहतं. पडून पडून एका कुशीवर जखम होऊ नये म्हणून त्याची कूस बदलायची, ते आत्या आणि बाबा दोघं मिळून करायचे. "एक, दोन, उचल. धाकट्या, तू दोनलाच उचललंस." "तू तीन म्हणतेसच कुठे?" मग पोटाखालून टॉवेल घालून, टॉवेलची दोन टोकं हातात धरून, त्याला उभं करायचं आणि चार पावलं चालवायचं. दवाखान्यात काचेच्या हौदात पाणी सोडून त्यात फिरता पट्टा होता, त्यावर तो चालायचा. पाण्यात त्याचं वजन कमी होई आणि हौदाच्या काचेतून त्याचे पाय दिसत. ते खरंच हलत होते. आत्या काचेला नाक लावून बसायची, डंपर आतून नाक लावायचा, दोघांच्या वाफेने काच धूसर व्हायची आणि हौद सांभाळणारी ताई म्हणायची, "बाई, मला त्याचे पाय बघायचेत, तुमचं नाक नाही."

पाण्यात तो चालत होता. जमिनीवर मात्र काही केल्या चालेना. उभा राहायचा, एक पाऊल टाकायचा, मागचं धूड झोकांडी खायचं आणि तो खाली बसायचा. रोज तेच. उभा, एक पाऊल, झोकांडी, बूड. महिना संपत आला.

त्याच दिवसांत बेकरीवाल्या काकू शिकवणीला येत होत्या. काकूंना केक पोचवायला स्वतःची गाडी चालवायची होती, कारण त्यांच्या जावयाने पोचवलेल्या केकवरची नावं पोचेपर्यंत पुसली जायची. काकूंच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की त्याला पहिला ब्रेक नाही आणि दुसराही नाही. मी क्लासहून येताना मागे बसायचे, डंपरच्या रिकाम्या सीटवर, म्हणून मला हे कानाने ऐकायला मिळालं.

"बाई, मला एक सांगा. मी ॲक्सिलरेटर दाबते, गाडी निघते, आणि मग थांबते. का थांबते?"

"पुढे सायकल आहे."

"ती सायकल त्या टोकाला आहे. त्या सायकलवाल्याला मी इथून ओळखतही नाही."

"सावध असलेलं बरं."

"कुत्रा होता तेव्हा मागचं काही दिसत नव्हतं, पण गाडी पुढे तरी जात होती. आता मागचं सगळं लख्ख दिसतं आणि पुढे हातभरही जाता येत नाही. बाई, तुमचा पाय बघा. बघा तर खाली."

आत्याने खाली बघितलं नाही. "आरसा, सिग्नल, मान," ती म्हणाली. खरं म्हणजे डंपर बसल्यापासून तिने एकदाही मांडी घातली नव्हती. कोणासाठीच नाही. अगदी तयार झालेली माणसंसुद्धा तिने दुसरा ब्रेक दाबत दाबतच परीक्षेला पाठवली.

तपासणीच्या दिवशी बाबांना सुट्टी मिळाली नाही. दोन शेजाऱ्यांनी चादरीची झोळी करून डंपरला गाडीत चढवलं आणि गाडी काकूंनी चालवली, त्यांचा तास त्याच वेळचा होता म्हणून. त्या सरळ बेकरीतून आल्या होत्या, कोपरापर्यंत मैदा. दवाखाना जवळच, पण पोचायला वेळ लागला, कारण पानं पडली तरी गाडी थांबत होती. उतरताना काकू काही बोलल्या नाहीत, यावरून त्यांना किती राग आला होता ते समजावं.

डॉक्टरांनी डंपरला उभं केलं. त्याचा मागचा पंजा उचलून उलटा टेकवला. डंपरने झटकन पंजा सुलटा केला. दुसरा पंजा, तोही सुलटा. बोटाला चिमटा, पाय आखडला आणि डंपरने मागे वळून डॉक्टरांकडे 'हे काय साहेब' असं पाहिलं.

"छान," डॉक्टर म्हणाले. "वायर जागी आहे. चालवा बघू."

तो बोळ तसा साधा. एका बाजूला बाकडी, बाकड्यांवर मांडीवर मांजरं घेतलेली माणसं, टोकाला वजनकाटा. आत्याने पोटाखाली टॉवेल घातला. डंपरने एक पाऊल टाकलं, मागचं धूड जरासं डुललं आणि तो बसला.

डॉक्टरांच्या भुवया एकमेकींना भेटल्या. "पाय म्हणतायत चालतो. साहेब म्हणतायत बसतो. परत."

परत. पाऊल, डुलणं, बूड.

"टॉवेल माझ्याकडे द्या. तुम्ही बाकावर बसा जरा."

आत्या बाकावर बसली, काकूंच्या आणि माझ्या मधे. डॉक्टरांनी टॉवेल सैल धरला. डंपर उभा राहिला, पाऊल टाकलं, डुलला आणि माझ्या शेजारून, ओठही न हलवता म्हणावं इतकं बारीक, नाकातून आलं, "बास."

डंपर बसला.

सगळा बोळ आत्याकडे बघायला लागला. एक मांजरसुद्धा.

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी पूर्ण वाक्य विचारलं.

"मी? मी कुठे काय म्हणाले?"

"तू बास म्हणालीस," मी म्हटलं.

"चल, काहीतरी. पोपट, तूच म्हणाली असशील माझ्या आवाजात."

"मी म्हणाले असते तर ते जरा मोठ्याने आलं असतं."

बेकरीवाल्या काकूंनी मैद्याचं बोट खाली दाखवलं. आत्याचा उजवा पाय फरशी दाबत होता. इतका जोरात, की चपलेची टाच वाकली होती.

"बाई," काकू म्हणाल्या, "इथेही?"

आत्याने या वेळी खाली बघितलं. बराच वेळ ती त्या पायाकडे बघत राहिली, एखाद्या नातेवाइकाकडे बघावं तशी. मग म्हणाली, "पडेल हो तो. परत ओरडला तर?"

"डुलणार," डॉक्टर म्हणाले. "नवीन चालायला लागलेला कुत्रा डुलणारच. डुललं की पुढचं पाऊल आपोआप… तुम्ही ते पाऊल पडूच देत नाही आहात." आणि मग बोळात अंथरलेल्या रबराकडे बोट दाखवून, "रबर आहे खाली. पडले साहेब तर उठतील."

"तुमच्याकडची माणसं पहिल्या दिवशी कशी चालवतात?" काकूंनी विचारलं. "सरळ? मी तर फुटपाथवर गेले होते. तुम्हीच म्हणालात, होतं असं, मागे घ्या."

आत्या उठली. वजनकाट्यापर्यंत चालत गेली. वळली. चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या. आणि जमिनीवर, बोळाच्या टोकाला, सगळ्यांच्या समोर मांडी घालून बसली. दोन्ही पाय आत. हात मांडीवर.

काकूंनी माझा दंड धरला. माझ्या बाहीवर मैद्याची पाच बोटं उमटली. "बघ, बघ, मांडी घातली," त्या कुजबुजल्या, म्हणजे सगळ्या दवाखान्याला ऐकू आलं.

"येऊ दे," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी टॉवेल काढून घेतला. डंपर उभा राहिला. एक पाऊल. मागचा भाग डावीकडे गेला, सगळ्यांचे श्वासही डावीकडे गेले. त्याने तिच्याकडे बघितलं, तो शब्द यायची वाट बघत. मी आत्याकडे बघत होते. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि नाकपुड्या फुगल्या होत्या, पण नाकातून काही बाहेर आलं नाही.

"येऊ दे…"

दुसरं पाऊल. नखं रबरावर घासली, खर्र. तिसरं. आता मागचा भाग उजवीकडे, बाकड्याला घासून, मांजरवाल्या आजोबांनी मांजर डोक्याशी धरलं. चौथ्यानंतर मी मोजायचं सोडून दिलं. तो चालत होता. सरळ नव्हे, पार्टीतून निघालेल्या माणसासारखा, पण चारही पायांवर, आणि शेपटी, जी महिनाभर दोरीसारखी पडून होती, ती बाकड्याखालच्या पायांवर सटासट आपटत होती.

"येऊ दे… येऊ दे… येऊ…"

इथे 'बास' म्हणायला हवं होतं. गाडी असती तर तिने बरोबर म्हटलं असतं. पण आत्याने मांडीवरचे हात उचलले आणि पुढे पसरले. कोणी थांब म्हटलं नाही, म्हणून डंपर थांबला नाही. तो आला, आला, आला आणि आत्याच्या मांडीवर बसला. पूर्ण बसला. वजनकाटा शेजारीच होता, काट्यावर त्याचा एक पंजा पडला तर त्या एका पंज्याचंच वजन बघून बाकावरच्या कोणीतरी "अरे देवा" म्हटलं.

"आत्या?" मी विचारलं, कारण ती दिसत नव्हती.

"बरी आहे," कुत्र्याच्या मागून आवाज आला. रडका आणि हसरा, दोन्ही एकदम. मला अजून तो जमलेला नाही, मी प्रयत्न करतेय.

डॉक्टर खाली वाकले. "साहेब," ते डंपरला म्हणाले, "जिना हळूहळू. आधी एक मजला, मग…" भुवया वर, वर, आणखी वर. आत्याने तिथूनच, कुत्र्याच्या खालून, थोरल्या काकांना फोन लावला. "दादा, अंगण राहू दे," एवढंच म्हणाली. काकांचं उत्तर सगळ्यांनी ऐकलं, फोन कानाला असूनही. ते म्हणाले की त्यांनी अंगणाला कुंपण घातलं होतं, आता त्यात भोपळे लावतो.

डंपरला तिच्यावरून उठवायला डॉक्टर, काकू आणि हौदाची ताई लागली. तो उठला तोही स्वतःच्या पायांवर. उठली नाही ती आत्या. उजव्या पायाला अशा मुंग्या आल्या होत्या, की तो तिचा आहे हेच तिला कळेना. आम्ही दोघींनी तिला दोन बाजूंनी धरून गाडीपर्यंत नेलं. डंपर पुढे डुलत, आत्या मागे डुलत. काकू म्हणाल्या, "आता टॉवेल यांच्या पोटाखाली घाला."

काकू चालकाच्या सीटवर बसल्या. डंपर मागे, सगळ्या सीटवर, आणि मी जिथे उरले तिथे. आत्या पुढे. तिने पाय ब्रेककडे न्यायचा प्रयत्न केला, पाय जागचा हलेना.

"काकू," ती म्हणाली, "माझ्या पायात जीव नाहीये. तुम्हीच बघा."

काकूंनी पदराने हात पुसले. आरसा बघितला. आरशात डंपर होता. त्यांनी सिग्नल दिला, मान वळवली आणि गाडी निघाली. पहिला चौक गेला. सायकलवाला गेला. बेकरीसमोरून जाताना काकूंनी हॉर्न वाजवला आणि जावई दारात येऊन उभा राहिला. मुंग्या मघाशीच गेल्या असणार, कारण ड्रायव्हिंग स्कूलच्या वळणाआधी आत्याने चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि खिडकीबाहेर बघत बसली.